पुरचुंडीत कवडी नव्हती

एका नवरीच्या कमरेची पुरचुंडी मी भर मांडवात उघडली, माईकवरून लोकांना दाखवली आणि भाताच्या चुलवणात फेकून दिली. ती नवरी म्हणजे माझी वहिनी. ही गोष्ट मी आजवर बऱ्याच गावांत सांगितली आहे, पण खरी कधीच सांगितली नाही. आता वहिनी जाऊन बारा वर्षं झाली. निदान एकदा तरी ती नीट सांगावी म्हणून लिहायला बसलो आहे.

एक्क्याऐंशी सालचा उन्हाळा होता. गंगाखेडच्या अलीकडे गोदावरीच्या काठी एक खेडं आहे, तिथं माझ्या थोरल्या भावाचं लग्न होतं. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. आम्ही पेडगावचे. दादा रेल्वेत गँगमन. मी परभणीला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि नामांतराच्या चळवळीत पुढे पुढे असायचो. माझ्या आईवडिलांनी छप्पन साली धम्म घेतला होता, तरी घरात जुन्याचे कोपरे शिल्लक होते. ते झाडून काढायचं काम आपलंच, असं मला वाटायचं. त्या लग्नात हळद नको, मुहूर्त नको, माप ओलांडणं नको, असं मी दोन्ही घरांना आधीच बजावलं होतं. पांढरी साडी, बुद्धवंदना, पंचशील आणि हार, एवढंच.

माईक माझ्या हातात होता. दादाच्या गळ्यात हार घालायला नवरीनं दोन्ही हात वर केले आणि तिच्या कमरेतून काहीतरी निसटून माझ्या पायाशी पडलं. लुगड्याच्या काठाचा तुकडा होता, दोऱ्यानं आवळून बांधलेला. मी उचलला आणि दातानं दोरा तोडला.

"बघा, मंडळी," मी माईकवर म्हणालो. "आपण एवढी मोठी लढाई लढतोय आणि नवरीच्या कमरेला काय निघालं बघा!"

मांडवात हशा पिकला. बायकांतून एक म्हातारी ओरडली, "आरं, तू नवरीचा दीर हायेस का झडती घेनारा हवालदार?" त्यावर आणखी हसू झालं. मला चेव आला. पाचेक मिनिटं मी अंधश्रद्धेवर बोललो, टाळ्या घेतल्या, मग मांडवाच्या कडेला भात शिजत होता त्या चुलवणात ती पुरचुंडी टाकली. परत वळलो तेव्हा नवरीचे हारासकट वर उचललेले हात तसेच होते. कुणी तिला खाली घे म्हणालं नव्हतं आणि पुढे हो असंही म्हणालं नव्हतं.

वहिनीचं नाव द्वारका. ठेंगणी, सावळी, चालताना टाचा जोरात आपटायची, त्यामुळे घरात कुठे आहे ते न बघता कळायचं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. लक्षात ठेवायच्या गोष्टींसाठी ती पदराला गाठी मारायची. मीठ संपलं, एक गाठ. दादाच्या सदऱ्याला गुंडी लावायची, एक गाठ. शेजारणीचं पातेलं परत द्यायचं, आणखी एक. संध्याकाळी उंबऱ्यात बसून एकेक गाठ सोडायची. एखादी कशाची ते आठवलं नाही तर गाठीलाच विचारायची, "तू कामून आलीस गं?" आम्ही सगळे हसायचो. तीही पदर तोंडावर धरून हसायची.

तिला भोळी समजण्याची चूक मी बराच काळ केली. आमच्या मायनं एकदा दाराला लिंबू-मिरच्या बांधल्या. मी त्या काढून उकिरड्यावर टाकायला निघालो. माय आडवी आली. दृष्टीच्या मिरच्या अशा टाकत नसतात, कुणाच्या तरी पायाखाली येतील, म्हणाली. मी भाषण सुरू केलं, मायनं रडणं सुरू केलं. वहिनीनं भाकरी थापता थापता हात पुसला आणि मिरच्या माझ्या हातातून घेतल्या. दुपारी जेवायला बसलो तर ताटात ठेचा होता, लिंबू पिळलेला.

"भावजी म्हंत्यात ठेवू नका, माय म्हंत्यात टाकू नका," ती म्हणाली. "मंग काय करावं? खाऊन टाका."

मायनं कपाळावर हात मारला, पण ठेचा खाल्ला. मीही खाल्ला. विवेकवादी म्हणवून घेणारा मी, पहिला घास तोंडात घालताना क्षणभर थबकलो होतो. ते तिनं पाहिलं.

मांजर आडवं गेलं तर ती म्हणायची, "त्यालाबी कामं असत्यात." अमावास्येला खुशाल माहेरी जायला निघायची, कारण त्या दिवशी एस.टी.त जागा मिळते. पण शेजारची नवी आई पोराची दृष्ट काढून द्या म्हणून आली, की मुठीत मीठ घेऊन मन लावून उतरवायची. मी विचारलं, तुमचा ह्यावर विश्वास आहे का? म्हणाली, "पोराला काय हुतंय? पन त्याची माय लय बेजार हाय. ती झोपंल जरा."

हे मी त्या वेळी वहीत टिपून ठेवायला हवं होतं. मी त्या वेळी भाषणं टिपत होतो.

त्या लग्नाचा एक परिणाम मला कुठल्याच भाषणात सांगता आला नाही. पुरचुंडीत हळकुंड होतं आणि हिरव्या बांगडीचा एक तुकडा होता. फुटक्या काचेचा तुकडा. मी तो बोटात धरून लोकांना दाखवला, तो पुढच्या रांगेत बसलेल्या मायनंही पाहिला. मला त्यात फक्त अंधश्रद्धा दिसली. मायला भलतंच दिसलं. नवरीच्या अंगावर फुटकी काच! माय त्या दिवसापासून सुनेला बिचकू लागली. म्हैस गाभडली तेव्हा म्हणाली, काच घेऊन आलीय. दादाच्या पायावर रुळाचा स्लीपर पडला तेव्हाही तेच. वर्षभर तिनं वहिनीच्या हातून दिवा लावून घेतला नाही, शेजारच्या बाळंतिणीकडे जाऊ दिलं नाही. मी मायवर खेकसायचो, ही अंधश्रद्धा आहे म्हणायचो. पण ती तिच्या हातात मीच दिली होती. काच चुलवणात गेली आणि भीती आमच्या घरात राहिली. पहिली मुलगी झाली तेव्हा माय निवळली. तोवर वहिनीनं एकदाही तोंड उघडून ती काच कशाची होती हे सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी विचारलं असतं कुणाला तर मायनंच उत्तर दिलं असतं: फुटकी बांगडी शुभ म्हणून कुणी बांधत नाही. अगदी साधी गोष्ट. जुनी रीत मानणाऱ्या कुठल्याही बाईला कळली असती. ती पुरचुंडी नशिबासाठी बांधलेली असूच शकत नव्हती. मला रीतही ठाऊक नव्हती आणि तरी मी तिच्यावर बोलत होतो.

नामांतरासाठी आम्ही सत्याग्रह केला, आठ दिवस परभणीच्या तुरुंगात होतो. चौथ्या दिवशी वहिनी भेटायला आली. पोर काखेत, भाकरीचं फडकं डोक्यावर. पहारेकऱ्यानं फडकं उघडायला सांगितलं. तिनं उघडून दाखवलं आणि म्हणाली, "साहेब, नीट बघा. चटणीत बॉम्ब हाय." पहारेकरी हसला. पुढे जिल्हा कचेरीवरच्या मोर्चातही ती आली. पेडगावच्या सात बायका घेऊन आली. मी म्हणालो, वहिनी, घोषणा पाठ आहेत ना? "घोषना येत न्हाईत मला," ती म्हणाली, "चालता येतंय." उन्हात पूर्ण रस्ता चालली. कडेवरच्या पोरीच्या डोक्यावर पदर, पदराला तीन गाठी. त्यातली एक नेहमीचीच होती. ती गाठ मी कधी सुटलेली पाहिली नाही. धुताना सोडायची असेल, पण वाळल्यावर पुन्हा त्याच कोपऱ्याला मारलेली असायची.

पंच्याऐंशी साली माझं लग्न झालं. शालिनी पालमची, मास्तरांची मुलगी, सातवी शिकलेली. आमचं लग्न मी आदर्श करायचं ठरवलं होतं आणि ते तसंच झालं. पांढरी साडी, हार, माझं स्वतःचं भाषण. वहिनी सकाळपासून नवरीच्या खोलीत होती. दार लावून घेतलं होतं. मी दोनदा ठोठावलं, तर आतून म्हणाली, "बायकांचं काम हाय भावजी, माईक तिकडंच हाय तुमचा."

त्या भाषणातही मी दादाच्या लग्नातली गोष्ट सांगितली. तोवर ती गोष्ट माझी खूण झाली होती. कुठे लग्न असलं की लोक म्हणायचे, गुरुजी, ते पुरचुंडीचं सांगा. मी शाळेत मास्तर झालो होतो, बोलणं आणखी सराईत झालं होतं. सांगता सांगता पुरचुंडी फुगत गेली. हळकुंडाशेजारी कवडी आली. मग बिब्बा आला. पुढे काळा दोरा, घोड्याच्या नालेचा तुकडा. बांगडीची काच मात्र गळून गेली, कारण तिच्यावर लोक हसत नसत. काचेचं नाव काढलं की बायका गप्प व्हायच्या. ते का, असा प्रश्न मला पडायला हवा होता.

सत्त्याऐंशी साली पालमला सासरच्या नात्यात एक लग्न होतं. वहिनीही आली होती. मला ती दिसली नव्हती, बायकांत मागे बसली होती. मी नेहमीची गोष्ट सुरू केली. कवडीपाशी आलो, लोक हसायला लागले आणि त्या हसणाऱ्या बायकांत मला वहिनी दिसली. ती पण हसत होती. पदर तोंडावर धरून, नेहमीसारखी. डोळे तेवढे हसत नव्हते. मी गोष्ट अर्ध्यावर सोडायला हवी होती. मी ती शेवटपर्यंत सांगितली.

परतीच्या एस.टी.त आम्हाला शेजारी जागा मिळाली. शालिनी पुढे पोराला घेऊन बसली होती. गंगाखेड येईपर्यंत वहिनी खिडकीबाहेर बघत होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "गोष्ट चांगली सांगता तुमी."

मी काहीतरी पुटपुटलो.

"कवडी नव्हती पन त्यात."

"अं?"

"कवडी नव्हती. बिब्बाबी नव्हता. एक हळकुंड हुतं आन बांगडीचा तुकडा. माझ्या मायच्या बांगडीचा." ती पदराची गाठ चाचपत होती. "मी आठ वर्साची हुते. कावीळ झाली तिला. हात इतके वाळले का बांगड्या कोपरापस्तोर जायच्या. एक फुटली. तिनं तुकडा उचलला, लुगड्याचा काठ फाडला, हळकुंड घातलं आन मला बांधून दिलं. म्हनली, द्वारके, लग्नादिवशी कमरंला आसू दे. मी आल्यागत हुईल."

बस पुलावर आली. खाली गंगा होती, उन्हाळ्यानं आटलेली. पुढच्या बायकांनी हात जोडले.

"दुसऱ्या दिवशी माझ्या भावानं राख चाळली चुलवनातली," वहिनी म्हणाली. "हळद तर जळनारच. काच कुटं जाती? पन घावली न्हाई."

एवढ्यात कंडक्टर आला. तिकिटं काढली होती का, विचारू लागला. मी खिशात हात घातला आणि तिकिटं शोधत राहिलो. ती वरच्याच खिशात होती, तरी खूप वेळ शोधत राहिलो. कंडक्टर गेल्यावर वहिनी म्हणाली, "राहू द्या, झालं ते झालं." आणि पोरीसाठी आणलेले शेंगदाणे माझ्या हातात ठेवले.

त्या दिवसापासून मी ती गोष्ट सांगणं सोडलं. लोक मागायचे, मी विषय बदलायचो. माफी मात्र मागितली नाही. पहिल्या वर्षी लाज होती. नंतर वाटलं, आता तिच्या मनातूनही गेलं असेल. आणि खरं सांगायचं तर, मला भीती होती, की माफी मागितली तर ते सगळं भाषणच चूक ठरेल. ज्या विचारानं आम्हाला माणूस केलं त्या विचाराला मी खोटं पाडतोय असं होईल. आता कळतं, विचार खरा होता. त्याच्या आडून मी जे केलं ते वाईट होतं. या दोन गोष्टी वेगळ्या करायला मला तेरा वर्षं लागली.

चौऱ्याण्णव साली नामांतर झालं. गावोगाव पेढे वाटले गेले, मीही नाचलो. दादा रुळावरून थेट मिरवणुकीत आला, हातात गँगचा हिरवा बावटा होता तोच नाचवत. वहिनी घरासमोर रांगोळी काढत बसली होती. मी पेढा द्यायला गेलो तर म्हणाली, "भरवा की, हात भरलेत माझे." मी भरवला. तोंडात पेढा असतानाच ती हसली. तेव्हा माझ्या मनात आलं, एवढं मिळालं, आता तरी बोलावं. पण दारात माणसांची गर्दी होती.

त्याच वर्षी उन्हाळ्यात वहिनीच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. तेच खेडं, तेच अंगण. त्यांनी मला माईक सांभाळायला बोलावलं. मी ठरवलं, ज्या माईकवर अपमान केला त्याच माईकवर माफी मागायची. चार पानं लिहून काढली. निघायच्या आदल्या दुपारी शालिनीला वाचून दाखवली. तिनं ऐकलं. मग उठून ट्रंकेतून आपल्या लग्नाचं पोलकं काढलं आणि उलटं करून माझ्यापुढे धरलं. आत, बगलेच्या शिवणीपाशी, बोटाच्या पेराएवढी एक पुरचुंडी शिवलेली होती.

"माझ्या आईनं दिलेली," शालिनी म्हणाली. "वैनीनं शिवून दिली. खोचू नको, पडती, म्हणाल्या. शिवली म्हंजे कुनी हात लावत न्हाई."

मी ते पोलकं हातात घेतलं नाही. लग्नात ते माझ्या शेजारी उभं होतं, आणि मी माईकवर पुरचुंडीच्या गोष्टीवर हशा घेत होतो. आमच्या घरात येणारी पुढची नवरी माझ्यापासून सांभाळायची असते, हे वहिनीला तेव्हाच कळलं होतं.

"ती चार पानं वाचायच्या आधी वैनीला इचारा," शालिनी म्हणाली.

लग्नाच्या दिवशी सकाळी वहिनी मला मांडवामागे सापडली. चुलवण पेटलं होतं, भाताला आधण आलं होतं. तिच्या हातात सुई-दोरा होता. केस पुष्कळ पिकले होते, टाचा अजून तशाच आपटत होती.

"वहिनी, मला आज माईकवर तुमची माफी मागायची आहे. सगळ्यांपुढे."

ती थांबली. "पुन्हा सगळ्यांपुढं?"

मी खिशातली चार पानं चाचपली.

"नगं भावजी. पुन्हा लोक माझ्याच तोंडाकडं बघतील. पोरीचं लगीन हाय, पोरीकडं बघू द्या." तिनं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, जमला नाही. सुई माझ्याकडे दिली. "ओवा जरा, मला दिसंना गेलंय. आन काय म्हनायचं ते मला म्हना."

मी दोरा ओवू लागलो. तोंडात भाषणच आलं. "वहिनी, तेव्हा अंधश्रद्धेच्या विरोधात बोलताना माझ्याकडून..."

"ते न्हाई," ती म्हणाली. "ते बरुबर हुतं. बाकीचं."

धूर डोळ्यांत जात होता. दोरा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा ओवला गेला. सुई तिच्या हातात देताना मी खाली बघत म्हणालो, "ती तुमच्या आईची होती. मी तुम्हाला न विचारता उघडली. चुकलो मी, वहिनी. तुमचे हात वर होते आणि मी उघडली."

तिनं दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली. मग पदराचा तो कोपरा हातात घेतला, जिथली गाठ मी कधी सुटलेली पाहिली नव्हती. ती सोडेल असं मला वाटलं. तिनं फक्त अंगठ्यानं ती जराशी दाबली, जागेवर आहे ना बघावं तशी.

"बरं," ती म्हणाली. "जा आता. पोरगी वाट बघायली माझी."

आणि सुई-दोरा घेऊन, टाचा आपटत, ती नवरीच्या खोलीत गेली आणि तिनं आतून दार लावून घेतलं.